'पाठलाग', आजी आणि हयातीचा दाखला

दर वर्षी नोव्हेंबर लागला की आमच्या घरात एक काम ठरलेलं असतं. आजी जिवंत आहे हे सिद्ध करायचं.

आजोबा रेल्वेत होते, दौंडला. ते गेल्यावर आजीला फॅमिली पेन्शन सुरू झाली, आणि ती चालू राहावी म्हणून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बरीच वर्षं ती स्वतः बँकेत जायची. काउंटरमागचे साहेब तिला बघून म्हणायचे, "या आजी, बऱ्या आहात ना?" एवढ्यावर काम भागायचं. ती कागदावर सही करायची, चहा नको म्हणायची आणि घरी यायची.

मग ते साहेब रिटायर झाले. त्यांच्या जागी माझ्याच वयाचा एक मुलगा आला. त्याने आजीचा अंगठा यंत्रावर ठेवला. जुळला नाही. पुसून ठेवला, दुसरा ठेवला, मग एकेक करत दहाही बोटं झाली. आयुष्यभर भांडी घासून, शेण सारवून, धुणं बडवून तिच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ उरलेल्याच नाहीत. मग त्याने कागद मागितले, आणि खरा घोळ तिथे निघाला. पेन्शनच्या कागदावर एक नाव होतं, आधार कार्डावर दुसरं.

त्या डिसेंबरात पेन्शन आली नाही.

मी खराडीला नोकरी करतो. आमची कंपनी कर्ज देणाऱ्या ॲप्ससाठी ग्राहकाची ओळख तपासणारं सॉफ्टवेअर बनवते. फोटो जुळतो का, नाव जुळतं का, जन्मतारीख जुळते का, हे बघायचं आणि हिरवी किंवा लाल खूण दाखवायची. आजीला नाही म्हणणारं यंत्र आमचं नव्हतं, पण त्याच जातकुळीचं होतं. त्यामुळे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की हे काम मीच करणार.

दोन नावं कशी आली

आजीचं माहेर शिरूर तालुक्यातलं. लग्न होऊन ती दौंडला आली तेव्हा ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवीन नाव लिहिलं गेलं. आडनाव तर बदललंच, पण स्वतःचं नावही बदललं. आपल्याकडे कित्येक घरांत हे व्हायचं, काही घरांत अजूनही होतं.

आजोबांनी रेल्वेच्या कागदांवर सासरचं नाव लावलं. पण शेजारीपाजारी तिला माहेरच्या नावानेच हाक मारत राहिले, कारण गल्लीत तिच्या गावाकडची दुसरी एक बाई होती आणि तिने तेच नाव रूढ केलं. पुढे मतदार यादी करायला आलेल्या माणसाने जे ऐकलं ते लिहिलं. त्यावरून रेशन कार्ड, त्यावरून आधार. पन्नासेक वर्षं ही दोन नावं शेजारी शेजारी सुखाने नांदली. कुणाला कधी प्रश्न पडला नाही, कारण बाई एकच आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी तिच्या शाळेचा दाखला काढायला शिरूरला आलो. ती चौथीपर्यंत शिकली होती. दाखला मिळाला, आणि तो घेऊन मी न्हावऱ्यावरून, पारगावला भीमा ओलांडून, चौफुला आणि पाटस करत संध्याकाळी दौंडला काकांकडे पोचलो. आजीला कागद दाखवला. तिने तिचं जुनं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे तर पाठलागसारखं झालं."

"कुठला पाठलाग?"

"आरं, शिनेमा. त्यात बी ती बाई वरडून सांगती, मीच ती, मीच ती. कुनी ऐकत न्हाय."

तंबूतला सस्पेन्स

'पाठलाग' 1964 सालचा. दिग्दर्शक राजा परांजपे. 'लाखाची गोष्ट', 'जगाच्या पाठीवर', 'हा माझा मार्ग एकला' हे त्यांचेच. 1952 मध्ये त्यांनी 'पेडगावचे शहाणे' नावाचाही सिनेमा केला होता. ते पेडगाव दौंडजवळच, भीमेच्या काठी, श्रीगोंदा तालुक्यात आहे. 'वेड पांघरून पेडगावला जाणं' ही म्हण आमच्याकडे लहान मुलंही वापरतात. आपण जे नाही ते असल्याचं सोंग घ्यायचं, असा तिचा अर्थ. पण 'पाठलाग' उलट्या बाजूने सुरू होतो. आपण जे आहोत तेच आहोत, हे कुणाला पटतच नसेल तर?

जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. नायक काशिनाथ घाणेकर. सुबोध भावेंच्या सिनेमामुळे आपल्या पिढीला त्यांचं नाव माहीत आहे, पण खुद्द घाणेकरांना पडद्यावर मी तोवर पाहिलं नव्हतं. नायिका भावना. गाणी गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचं, आवाज आशा भोसलेंचा. दोनच वर्षांत राज खोसलांनी तो हिंदीत केला. 1966 चा 'मेरा साया', साधना आणि सुनील दत्त. त्याच्याही आधी, 1965 मध्ये, तमिळमध्ये 'इदय कमलम' आला होता. आज मराठीवाले दक्षिणेकडच्या रिमेकची वाट बघतात. तेव्हा मद्रास आणि मुंबई मराठी गोष्ट उचलत होत्या.

आजीने तो लग्नाआधी पाहिला होता, यात्रेतल्या तंबूत. टुरिंग टॉकीज म्हणजे ट्रकमधून आलेला प्रोजेक्टर, मोठा तंबू, मधोमध पडदा आणि जमिनीवर बसलेली माणसं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. रीळ बदलताना अंधार व्हायचा आणि तेवढ्या वेळात बायकांमध्ये चर्चा रंगायची, की ही बाई खरी का खोटी. "आमच्यात भांडनं झाली," आजी म्हणाली. "माजी मावशी म्हनली खोटी हाय. मी म्हनलं खरी."

"आणि शेवटी?"

"बघ की आता."

तिला शेवट ठाऊक होता. साठ वर्षं ठाऊक होता. पण पूर्ण सिनेमाभर ती एक शब्द बोलली नाही. हे मला तेव्हाही विशेष वाटलं. आपण स्पॉयलर टाळायला ग्रुप म्यूट करतो. ती नुसती तोंड मिटून बसली, आणि पडद्याकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत होती.

मध्येच थांबवलेला सिनेमा

शेवट मीही इथे सांगणार नाही. सुरुवात सांगतो. एका नावाजलेल्या वकिलाची लाडकी बायको वारते. तो दुःखात बुडालेला असतानाच कळतं की पोलिसांनी एक बाई पकडली आहे, हुबेहूब त्याच्या बायकोसारखी दिसणारी. ती म्हणते, मीच तुमची बायको. प्रकरण कोर्टात जातं. आणि फक्त बायकोलाच ठाऊक असतील अशा गोष्टी ती एकामागून एक सांगत जाते.

कृष्णधवल चित्र, लांबलेल्या सावल्या आणि घाणेकरांचे ते डोळे. पहिली दहा मिनिटं मला जुनाट वाटली. नंतर मी मोबाईल उलटा ठेवला. कोर्टाचे प्रसंग सुरू झाल्यावर आजीने हात पुढे करून मला लॅपटॉप थांबवायला लावला.

"तू जज असतास तर काय केलं असतंस?"

मी कामाच्या सवयीने उत्तर दिलं. आमच्या धंद्यात ओळख पटवायचे तीन मार्ग शिकवतात. तुम्हाला काय माहीत आहे, म्हणजे पासवर्ड. तुमच्याकडे काय आहे, म्हणजे ओटीपी येणारा फोन. आणि तुम्ही काय आहात, म्हणजे बोट, चेहरा, डोळा. मी म्हणालो, "हिच्याकडे फक्त माहिती आहे. माहिती कुणालाही मिळवता येते, कुणी फोडली असेल. चेहरा जुळतो, पण चेहरे जुळू शकतात. समोर काय आहे? बायको मेली, नवऱ्याने स्वतः पाहिलं. पुरावा तिच्या विरुद्ध आहे."

"म्हंजी आत टाकली असतीस."

"हो."

"मग बँकेतल्या त्या पोरावर कशाला चिडतोस? त्यानं बी पुरावाच बघितला की."

यावर मला काही बोलता आलं नाही. तिने स्वतःच बटण दाबून सिनेमा चालू केला.

भाऊ परत आले

त्या रात्री झोप लागली नाही. हा प्रश्न फक्त सिनेमातला नाही, हे आठवत राहिलं. मराठी इतिहासात हा खटला एकदा प्रत्यक्ष घडून गेलेला आहे. शाळेत एका ओळीत उरकलेला 'तोतया' आठवतो का?

14 जानेवारी 1761. पानिपत. सदाशिवरावभाऊ पडले. पण पुण्यापर्यंत खात्रीची बातमी पोचायलाही वेळ लागला, आणि पोचल्यावरही ती सगळ्यांना पटली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्याची लक्षणं स्वीकारली नाहीत. त्या अखेरपर्यंत सवाष्णीसारख्या राहिल्या. पेशव्यांच्या घरातच जर भाऊंचा मृत्यू मान्य झालेला नसेल, तर बाहेरच्या लोकांनी आशा का सोडावी?

आणि काही वर्षांतच एक माणूस उभा राहिला. मीच भाऊ. त्याचं खरं नाव सुखनिधान, तो उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण होता, असं चौकशीत ठरलं. थोरल्या माधवरावांच्या काळात तो पकडला गेला आणि कैदेत राहिला. 1776 मध्ये तो रत्नागिरीहून सुटला, तोही तिथल्या मामलेदाराच्या मदतीने, आणि कोकणात बघता बघता हजारो लोक त्याच्या बाजूने झाले. किल्ले त्याच्या हाती आले. पुण्यात तेव्हा सवाई माधवराव लहान मूल होते, नाना फडणीस कारभार बघत होते, आणि रघुनाथरावांचं भांडण चालूच होतं. अशा वेळी 'खरा मालक परत आला' ही बातमी पुष्कळांना सोयीची होती. शेवटी महादजी शिंदे आणि इतर सरदारांना फौज घेऊन उतरावं लागलं. तोतया पकडला गेला, पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि त्याला देहदंड दिला गेला. न. चिं. केळकरांनी पुढे यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

देवकुळ्यांच्या कादंबरीचं नाव पुन्हा वाचा. 'आशा परत येते'. आशा बाईचं नावही असतं आणि मनातली इच्छाही. तोतयाच्या वेळी हजारो लोकांनी माणूस ओळखला नव्हता, त्यांनी आपली इच्छा ओळखली होती.

म्हणून बँकेतल्या जुन्या साहेबांची आठवण काढून मी उसासा टाकणार नाही. "आम्ही ओळखतो की यांना" हा पुरावा किती फसवा असतो, हे त्या बंडाने दाखवून दिलं आहे. ओळखणाऱ्यांना लोभ असतो, भीती असते, आशा असते.

बहीण म्हणते हो, बायको म्हणते नाही

दुसरा खटला बंगालमधला, आणि तो तर थेट कोर्टात चालला. भवाल संस्थानचे एक कुमार, रमेंद्र नारायण रॉय, 1909 मध्ये दार्जिलिंगला वारले असं जाहीर झालं. त्यानंतर बारा वर्षांनी ढाक्याला आलेला एक संन्यासी म्हणजे तेच कुमार, असं लोक म्हणू लागले. बहिणीने त्याला भाऊ म्हणून स्वीकारलं. पत्नी बिभावती देवींनी अखेरपर्यंत नाकारलं.

1930 मध्ये दावा दाखल झाला. हजाराहून जास्त साक्षीदार तपासले गेले. अंगावरच्या खुणा, चाल, चेहरा, सगळ्याचा कीस पाडला गेला. 1936 मध्ये न्यायाधीश पन्नालाल बसूंनी संन्याशाच्या बाजूने निकाल दिला. 1940 मध्ये कलकत्ता हायकोर्टाने तो कायम ठेवला, 1946 च्या जुलैअखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही. त्यानंतर काही दिवसांतच तो माणूस वारला. सोळा वर्षं चाललेल्या भांडणाचा निकाल त्याला आठवडाभरही उपभोगता आला नाही.

माणसांचा भरवसा नाही, कोर्टाला सोळा वर्षं लागतात. मग सरकारला वाटलं, की असं काहीतरी हवं जे खोटं बोलणार नाही आणि वेळही खाणार नाही. ते म्हणजे बोट.

आणि याची सुरुवातही आपल्याकडेच झाली. 1858 मध्ये बंगालातले इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल यांनी राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. पुढे 1877 च्या सुमारास हुगळीला असताना त्यांनी ठशांचा सरकारी कामात नियमित वापर सुरू केला. कुणासाठी? दस्त नोंदवणाऱ्यांसाठी, कैद्यांसाठी आणि पेन्शनरांसाठी. पेन्शनर वारल्यावर दुसरंच कुणी त्याच्या नावाने पैसे उचलत राहील, हा संशय होता. 1897 मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय उघडलं. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. 2014 मध्ये पेन्शनरांसाठी डिजिटल हयातीचा दाखला आला.

हे वाचताना मला जरा चरका बसला. आजीच्या बोटाकडे बघणारं ते यंत्र नवीन नव्हतं. पेन्शनरावरचा तो संशय दीडशे वर्षांचा होता, आणि त्या साखळीच्या या टोकाला मी खराडीत बसून कोड लिहीत होतो.

डबल रोल

भावना असो की साधना, अशा सिनेमात एकाच चेहऱ्याच्या दोन बायका समोर येतात आणि त्यातली कोणती ती, हे ठरवायचं असतं. माझ्या आजीचं प्रकरण उलटं होतं. कागदांवर दोन बायका होत्या आणि प्रत्यक्षात एक. आणि ही दुसरी बाई तिने निर्माण केली नव्हती. ती ताटातल्या तांदळात तयार झाली होती, तिला न विचारता.

हे लक्षात आल्यावर मी आमच्या सिस्टीममधली जुनी आकडेवारी बघितली. किती आणि काय ते इथे लिहिता येणार नाही, कंपनीचा नियम आहे. पण 'नाव जुळत नाही' म्हणून अडकलेल्या केसेस चाळताना मला सारख्या बायकाच दिसत होत्या. माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं. पुरुषाचं नाव जन्मापासून मरणापर्यंत तेच राहतं. नावाची तुलना करणारा तो कोडचा तुकडा मी लिहिला होता. लिहिताना माझ्या डोक्यात 'ग्राहक' होता. आता कळतं, त्या ग्राहकाचं लग्न होऊन नाव बदललेलं नव्हतं.

कोड चुकीचा नव्हता, सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या. पण मराठीत 'ओळख' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक ओळखपत्रातली, दुसरी 'आमची ओळख आहे' मधली. तोतयाच्या वेळी दुसरीवर विसंबून लोक फसले, म्हणून पहिली आली. पण पहिली जिथे अडकते तिथे दुसरीला आत घ्यायला दरवाजाच ठेवायचा नाही, हे कुणी ठरवलं? इतिहासाने नाही. आमच्यासारख्या कुणीतरी, डेडलाइनच्या आदल्या दिवशी.

दोन साक्षीदार

आजीचं काम झालं कसं ते सांगतो, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

शाळेचा दाखला जोडला. लग्नानंतरचे जुने कागद जोडले. प्रतिज्ञापत्र केलं, की वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे. आजीने ते वाक्य वकिलांकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "हेच तर ती बाई सांगत हुती." मग साक्षीदार. एक गल्लीतली ती तिच्या गावाकडची बाई, आता ऐंशीच्या पुढची, जिच्यामुळे हा सगळा घोळ झाला होता. दुसरे आजोबांबरोबर काम केलेले रेल्वेतले एक काका. दोघं काठी टेकत आले. त्या काकांना विचारलं, किती वर्षांपासून ओळखता? ते म्हणाले, "लिहा, लग्नाच्या वरातीत होतो."

मार्चमध्ये पेन्शन सुरू झाली, मागच्या महिन्यांसकट. मधल्या काळात आजीच्या गोळ्यांचा खर्च काकांनी केला, आणि तो हात पुढे करताना तिला काय वाटत होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. मला दिसत होतं.

ऑफिसात मी एक प्रस्ताव दिला. नाव जुळलं नाही तर थेट नकार न देता केस माणसाकडे पाठवायची, आणि विवाहपूर्व नावासाठी वेगळा रकाना ठेवायचा. मॅनेजर म्हणाले चांगलं आहे, पुढच्या तिमाहीत बघू. दोन तिमाह्या गेल्या. रकाना आला आहे. माणसाकडे पाठवण्याचं अजून 'बघू' चालू आहे, कारण माणूस महाग पडतो.

गेल्या नोव्हेंबरात आजीचा दाखला मी घरूनच काढला. आता बोट लागत नाही, फोनसमोर चेहरा धरला तरी चालतं. तिने पदर सारखा केला, फोटो काढतात तशी ताठ बसली. ॲपने डोळे मिटा-उघडा करायला लावले. हिरवी खूण आली.

"काय म्हनतोय?" तिने विचारलं.

"म्हणतोय, तू जिवंत आहेस."

"बरं झालं बाई, कळलं त्याला," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.